विश्लेषण : ट्राम की भुयारी मेट्रो? दोन्हींना विजेवर धावायला लावणाऱ्या फ्रँक स्प्रेग यांची कहाणी

शहर वाढू लागले की एक वाद ठरलेला असतो. रस्त्यावरून धावणारी, कमी खर्चाची आणि लवकर उभी राहणारी लाइट रेल घ्यायची, की जास्त पैसे आणि जास्त वर्षे मोजून जमिनीखालून मेट्रो न्यायची? हा वाद आजचा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी बोस्टन, न्यूयॉर्क आणि लंडन या शहरांपुढेही तोच होता. त्यातील दोन्ही पर्याय विजेवर भरवशाने चालवून दाखवण्यात एका अभियंत्याचा वाटा फार मोठा आहे. फ्रँक ज्युलियन स्प्रेग हे त्यांचे नाव. मुंबईची लोकल आज ज्या तत्त्वावर धावते, तेही त्यांचेच.

कोण होते फ्रँक स्प्रेग?

स्प्रेग यांचा जन्म २५ जुलै १८५७ रोजी अमेरिकेतील कनेटिकट राज्यातील मिलफर्ड येथे झाला. आई लहानपणीच गेली. वडील कामाच्या शोधात पश्चिमेकडे निघून गेले आणि मुलाला मॅसेच्युसेट्समधील नॉर्थ अ‍ॅडम्स येथे आत्याने वाढवले. ती शिक्षिका होती. गणितात हुशार असलेला हा मुलगा लष्करी अकादमीची परीक्षा द्यायला म्हणून गेला आणि प्रत्यक्षात अनापोलिसच्या नौदल अकादमीच्या परीक्षेला बसला. तेथे प्रवेश मिळाला आणि १८७८ मध्ये ते पदवीधर झाले.

नौदलात असतानाच त्यांना विजेचे वेड लागले. जहाजावर असताना ते डायनॅमो आणि मोटारींचे आराखडे काढत. त्या काळात वीज म्हणजे मुख्यतः दिवे. विजेने जड यंत्रे आणि गाड्या चालवता येतील, यावर विश्वास ठेवणारे थोडेच होते.

लंडनच्या धुराने काय शिकवले?

१८८२ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये विजेचे प्रदर्शन भरले होते. स्प्रेग तेथे परीक्षक मंडळाचे सचिव म्हणून काम करत होते. शहरात फिरण्यासाठी ते भुयारी रेल्वेने जात. लंडनची ही रेल्वे १८६३ पासून सुरू होती, पण तिची इंजिने वाफेची होती. बोगद्यात कोळशाचा धूर कोंडलेला असे आणि प्रवासी खोकत बाहेर पडत.

म्हणजे जमिनीखालून रेल्वे नेण्याची कल्पना तेव्हाच जुनी झाली होती. अडचण बोगदा खोदण्याची नव्हती, बोगद्यात कोणती गाडी चालवायची ही होती. विजेवरची गाडी धूर सोडत नाही, हे स्प्रेग यांनी हेरले. मात्र तिला सतत वीज पुरवायची कशी आणि ती चढावर ओढणार कशी, याचे समाधानकारक उत्तर कोणाकडे नव्हते.

एडिसन यांची नोकरी का सोडली?

१८८३ मध्ये स्प्रेग यांनी नौदलाचा राजीनामा दिला आणि ते थॉमस एडिसन यांच्याकडे रुजू झाले. एडिसन यांची पद्धत करून पाहण्याची, तर स्प्रेग आधी गणित मांडणारे. दिव्यांच्या वीजवाहिन्या किती जाड असाव्यात हे मोजायची सोपी रीत त्यांनी बसवून दिली. पण एडिसन यांचे लक्ष दिव्यांवर होते आणि स्प्रेग यांना मोटारींवर काम करायचे होते. वर्षभरात ते बाहेर पडले आणि १८८४ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली.

त्यांच्या मोटारीचे वैशिष्ट्य असे की भार कमी-जास्त झाला तरी तिचा वेग जवळपास स्थिर राहत असे. गाडी थांबताना मोटारीलाच डायनॅमो बनवून वीज परत वाहिनीत सोडण्याची युक्तीही त्यांनी वापरली. आजच्या मेट्रो आणि विजेवरच्या मोटारगाड्या वापरतात ते रीजनरेटिव्ह ब्रेकिंग हेच.

पहिला मोठा प्रयोग न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेवर झाला. खांबांवरून धावणाऱ्या या रेल्वेलाही वाफेची इंजिने होती. चाचणी पाहायला रेल्वेचे बडे भागधारक जे गूल्ड आले होते. स्प्रेग यांनी गाडी झटक्यात सुरू केली आणि गूल्ड यांच्या शेजारीच फ्यूज मोठ्या आवाजासह उडाला. घाबरलेले गूल्ड गाडीतून उडी मारायला निघाले. पुढे त्यांनी या प्रकल्पात रस दाखवला नाही. न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेवर वीज यायला त्यानंतर १५ हून अधिक वर्षे लागली. स्प्रेग मात्र रस्त्यावरच्या ट्रामकडे वळले.

रिचमंडमध्ये नेमके काय घडले?

तेव्हा शहरांत ट्राम घोडे ओढत. एक घोडा दिवसातून काही तासच काम करू शकत असल्याने प्रत्येक डब्यामागे अनेक घोडे पाळावे लागत. शिवाय चारा, तबेले, आजार आणि रस्त्यावरची घाण. विजेची ट्राम हे त्यावरचे उत्तर म्हणून अनेकांच्या डोक्यात होते. जर्मनीत वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८८१ मध्ये बर्लिनजवळ ती चालवली होती. अमेरिकेतही काही गावांत छोटे मार्ग सुरू होते. पण मोठ्या शहरात, चढउतारावर, एकाच वेळी अनेक डबे भरवशाने चालवणे कोणाला जमले नव्हते.

१८८७ मध्ये व्हर्जिनियातील रिचमंड शहराचे कंत्राट स्प्रेग यांनी घेतले. अटी वाचून आजचा कोणताही कंत्राटदार मागे सरेल. सुमारे १९ किलोमीटरचा मार्ग, ४० डबे, ८० मोटारी, वीजघर, वरच्या तारा आणि मुदत ९० दिवसांची. एकाच वेळी ३० डबे धावले पाहिजेत. मोबदला १ लाख १० हजार डॉलर, तोही काम पसंत पडले तरच. करारावर सही झाली आणि स्प्रेग टायफॉइडने अंथरुणाला खिळले. बरे होऊन ते मार्ग पाहायला गेले, तेव्हा काही ठिकाणी १०० फुटांमागे १० फूट चढ असल्याचे दिसले.

पहिल्या चाचणीत गाडी चढ चढून वर गेली खरी, पण तिथेच मोटार जळाली. बघ्यांची गर्दी जमली होती. किरकोळ बिघाड आहे, उपकरणे मागवली आहेत, असे लोकांना सांगण्यात आले. लोक पांगेपर्यंत स्प्रेग गाडीतच पडून राहिले. मग उपकरणे आली. ती म्हणजे चार दांडगी खेचरे. त्यांनी गाडी ओढत परत नेली.

पुढचे काही महिने दुरुस्तीत गेले. या काळात त्यांनी बसवलेल्या दोन गोष्टी जगभर गेल्या. मोटारीचे एक टोक आसावर आणि दुसरे स्प्रिंगच्या आधाराने गाडीच्या सांगाड्याला टांगायचे, म्हणजे धक्के बसले तरी दातेरी चाके एकमेकांतून निसटत नाहीत. आणि डब्याच्या छतावरचा दांडा खालून वर दाबत तारेला टेकवायचा, म्हणजे वळणावरही वीज तुटत नाही. २ फेब्रुवारी १८८८ रोजी रिचमंडची विजेची ट्राम प्रवाशांसाठी सुरू झाली. कंपनीला या कामात मोठा तोटा झाला, पण विजेची ट्राम चालते हे सिद्ध झाले.

बोस्टनने ट्राम का निवडली?

बोस्टनच्या ट्राम कंपनीचे प्रमुख हेन्री व्हिटनी यांच्याकडे हजारो घोडे होते. त्यांचा कल केबल ट्रामकडे होता. त्यात रस्त्याखाली सतत फिरणाऱ्या लोखंडी दोराला डबे पकडून ओढले जातात. ते रिचमंडला आले, तेव्हा शंका एकच होती. कोंडीनंतर एका ठिकाणी अडकलेले सगळे डबे एकदम सुटले, तर वीज पुरेल का?

स्प्रेग यांनी रात्री मार्गाच्या एका टोकाला २२ डबे ओळीने उभे केले. वीजघरातील माणसाला काहीही झाले तरी वाफ आणि दाब टिकवायला सांगितले. मग पुढचा डबा जरा पुढे सरकला की मागचा, असे सगळे डबे निघाले. दिवे मंद झाले, दाब कोसळला, पण डबे चालत राहिले. व्हिटनी यांनी केबलचा विचार सोडला.

बोस्टनने निवड केली तशी इतर शहरेही वळली. १८९५ पर्यंत अमेरिकेत सुमारे ९०० विजेच्या ट्राम कंपन्या आणि १७ हजार किलोमीटरहून अधिक लोहमार्ग उभे राहिले होते. माणसे कामाच्या जागेपासून दूर, मोकळ्या भागात राहू लागली. उपनगरे पसरली ती ट्रामच्या रुळांवरून.

मग ट्रामच अडचण कशी झाली?

यशाची किंमत काही वर्षांतच दिसली. उपनगरांतील सगळे मार्ग बोस्टनच्या मध्यभागी एकत्र येत. ट्रेमाँट स्ट्रीट या अरुंद रस्त्यावर डब्यांच्या रांगा लागत. डबे विजेचे होते, वेगवान होते, पण त्यांच्यापुढे घोडागाड्या, हातगाड्या आणि दुसरे डबे उभे असत. मोटार कितीही चांगली असली तरी रस्ता मोकळा नसेल तर तिचा उपयोग नाही.

बोस्टनने त्यावर काढलेला तोडगा आज लाइट रेल विरुद्ध मेट्रो असा वाद घालणाऱ्या प्रत्येकाने पाहावा असा आहे. शहराने ट्राम काढली नाही आणि सगळीकडे बोगदेही खोदले नाहीत. जिथे कोंडी होती, तेवढ्याच भागात ट्राम जमिनीखाली नेली. बाहेर पडल्यावर तीच ट्राम पुन्हा रस्त्यावर धावू लागली. १ सप्टेंबर १८९७ रोजी सुरू झालेला हा अमेरिकेतील पहिला प्रवासी भुयारी मार्ग. धूर न सोडणारी गाडी हाताशी होती म्हणूनच तो शक्य झाला.

लिफ्टचा आणि मेट्रोचा काय संबंध?

रिचमंडनंतर स्प्रेग यांची कंपनी १८९० मध्ये एडिसन यांच्या उद्योगसमूहाने विकत घेतली. त्यानंतर स्प्रेग यांच्या यंत्रांवरून त्यांचे नाव हळूहळू पुसले जाऊन एडिसन यांचे नाव येऊ लागले. हे जिव्हारी लागल्याने ते बाहेर पडले आणि विजेच्या लिफ्टकडे वळले. तेव्हाच्या उंच इमारतींत पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या लिफ्ट होत्या. चार्ल्स प्रॅट यांच्यासोबत त्यांनी वेगवान विजेच्या लिफ्ट बनवल्या. हा व्यवसाय पुढे ओटिस कंपनीने घेतला.

लिफ्टमुळेच त्यांना पुढची कल्पना सुचली. इमारतीतील अनेक लिफ्टच्या मोटारी एका जागेवरून नियंत्रित करता येतात. मग रेल्वेच्या अनेक डब्यांतील मोटारी एका जागेवरून का नकोत?

मल्टिपल युनिट म्हणजे काय?

तोवरची रेल्वे म्हणजे पुढे इंजिन आणि मागे डबे. डबे वाढवायचे तर इंजिन अधिक जड हवे. जड इंजिनाने पूल, खांब आणि बोगदे हादरतात. शेवटच्या स्थानकात ते एका टोकाकडून सोडवून दुसऱ्या टोकाला जोडावे लागते. त्यात वेळ जातो आणि तासाला धावणाऱ्या गाड्या कमी होतात.

स्प्रेग यांनी इंजिनच काढून टाकले. मोटारी डब्यांखालीच बसवल्या. सगळ्या डब्यांतून कमी प्रवाहाची एक नियंत्रण तार नेली. पहिल्या डब्यातील मोटरमनने मुठीतला दांडा फिरवला की प्रत्येक डब्यातील मोटार एकाच वेळी प्रतिसाद देते. डबे जोडा, ताकद आपोआप वाढते. परतीच्या प्रवासाला मोटरमन फक्त दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जाऊन बसतो.

१८९७ मध्ये शिकागोच्या साउथ साइड उन्नत रेल्वेने त्यांना ही संधी दिली. कंपनीला भरवसा वाटावा म्हणून स्प्रेग यांनी १ लाख डॉलरची हमी लिहून दिली. जुलै १८९७ मध्ये, त्यांच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या सुमारास, स्कनेक्टडी येथील चाचणी मार्गावर गाडी यशस्वीपणे धावली. गाडी चालवणे किती सोपे आहे हे दाखवण्यासाठी एका फेरीत त्यांनी आपल्या लहान मुलाच्या हाती नियंत्रण दिले. पुढच्या वर्षी साउथ साइड मार्गावरून वाफेची इंजिने हद्दपार झाली.

भुयारी मेट्रोचा मार्ग कसा मोकळा झाला?

लंडनमधील उदाहरण बोलके आहे. सेंट्रल लंडन रेल्वे जुलै १९०० मध्ये सुरू झाली. तिच्या स्थानकांत स्प्रेग यांच्या लिफ्ट होत्या, पण गाड्या ओढायला जड विजेची इंजिने. त्यांच्या हादऱ्यांनी वरच्या इमारतींतील रहिवासी त्रस्त झाले आणि तक्रारींची चौकशी झाली. अखेर १९०३ मध्ये इंजिने काढून मल्टिपल युनिट गाड्या आणल्या गेल्या.

न्यूयॉर्कने अधिक मोठा विचार केला. २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुरू झालेल्या भुयारी मार्गावर बऱ्याच लांबीपर्यंत चार रूळ होते. मधले दोन जलद गाड्यांसाठी, कडेचे दोन धिम्या गाड्यांसाठी. मुंबईकराला हे वेगळे समजावून सांगायला नको. लांब, हलक्या आणि पाठोपाठ धावणाऱ्या गाड्या मल्टिपल युनिटमुळेच शक्य झाल्या.

तरीही वाढीचा अंदाज चुकला. धिम्या गाड्यांचे फलाट पाच डब्यांसाठी बांधले होते. गर्दी वाढल्यावर ते लांबवावे लागले. सिटी हॉल हे सर्वात देखणे स्थानक तीव्र वळणावर होते. लांब गाड्या तेथे नीट उभ्या राहू शकत नसल्याने १९४५ मध्ये ते बंद झाले.

बोस्टनचा बोगदा आणखी एक गोष्ट सांगतो. १९०१ मध्ये ट्रेमाँट स्ट्रीटच्या बोगद्यातून उन्नत रेल्वेच्या लांब गाड्या धावू लागल्या. १९०८ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा बोगदा झाला आणि हा मार्ग पुन्हा ट्रामला मिळाला. तो आजही बोस्टनच्या लाइट रेलचा भाग आहे.

श्रेय कोणाला मिळाले?

१९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क अ‍ॅव्हेन्यू बोगद्यात धुरामुळे सिग्नल न दिसून दोन गाड्यांची टक्कर झाली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर शहराच्या त्या भागात वाफेची इंजिने बंद करण्याचा कायदा झाला. ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या विद्युतीकरणात स्प्रेग यांनी विल्यम विल्गस यांच्यासोबत काम केले. बर्फ आणि पावलांपासून झाकलेला, खालून स्पर्श करणारा विजेचा तिसरा रूळ ही त्या दोघांची देणगी.

१९१० मध्ये त्यांना अमेरिकी विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचे पदक मिळाले. त्या पदकाला नाव होते एडिसन यांचे. २५ ऑक्टोबर १९३४ रोजी न्यूयॉर्कमध्ये वयाच्या ७७ व्या वर्षी स्प्रेग यांचे निधन झाले. अर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. अभियंते त्यांना विद्युत कर्षणाचे जनक मानतात. सामान्य प्रवाशाला मात्र एडिसन ठाऊक असतात, स्प्रेग नव्हे.

मुंबईशी नाते काय?

मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आली आणि विजेची ट्राम १९०७ मध्ये. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तेव्हाचे व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला हार्बर मार्गावर देशातील पहिली विजेची लोकल धावली. ती मल्टिपल युनिट होती. आज १२ किंवा १५ डब्यांची लोकल स्वतंत्र इंजिनाशिवाय धावते आणि शेवटच्या स्थानकात मोटरमन टोक बदलतो, ती पद्धत स्प्रेग यांचीच. मेट्रोच्या गाड्याही त्याच तत्त्वावर चालतात.

ट्रामचे नशीब वेगळे ठरले. बस आणि मोटारगाड्या वाढल्या तशी ट्राम रस्त्यात आडवी येणारी गोष्ट वाटू लागली. रिचमंडची ट्राम १९४९ मध्ये बंद झाली, मुंबईची ३१ मार्च १९६४ रोजी. सत्तरच्या दशकात अमेरिकेत लाइट रेल हा शब्द रूढ झाला आणि ट्राम नव्या रूपात परतू लागली. फरक एवढाच की यावेळी तिला शक्य तेथे इतर वाहनांपासून वेगळी मार्गिका देण्यात आली.

आजच्या वादासाठी धडा कोणता?

महाराष्ट्रातही हा प्रश्न ताजा आहे. मुंबईत कुलाबा-वांद्रे-सीप्झ हा ३३.५ किलोमीटरचा मेट्रो मार्ग जमिनीखालून गेला. नाशिकसाठी रबरी टायरवर धावणाऱ्या मेट्रो निओचा प्रस्ताव पुढे आला. केंद्राने लहान शहरांसाठी मेट्रोलाइटचे निकषही आखले. कोणता पर्याय आधुनिक आणि कोणता मागास, अशी चर्चा रंगते.

स्प्रेग यांच्या कामाकडे पाहिले तर हा प्रश्नच चुकीचा ठरतो. दोन्हीकडे मोटार एकाच घराण्यातील आहे. फरक पडतो तो तीन गोष्टींनी. गाडीला स्वतःची मोकळी वाट आहे का? गर्दीच्या तासात त्या मार्गावर किती माणसे येणार? आणि उद्या गर्दी वाढली तर गाडी लांब करायला फलाटांवर जागा आहे का?

वाट मोकळी असेल आणि गर्दी मध्यम असेल, तर रस्त्यावरची लाइट रेल कमी खर्चात जास्त लोकांच्या दारापर्यंत पोहोचते. तिला रिक्षा आणि मोटारींच्या गर्दीत सोडले, तर १८९० च्या दशकातील ट्रेमाँट स्ट्रीट पुन्हा अनुभवायला मिळेल. उलट, गर्दी नसलेल्या मार्गावर बोगदा खोदला तर त्याच पैशांत होऊ शकणारे अनेक मार्ग कागदावरच राहतील. गाभ्यात बोगदा आणि बाहेर रस्ता, हा बोस्टनचा मधला मार्गही उपलब्ध आहे. निर्णय घेताना आजच्या गर्दीइतकाच २० वर्षांनंतरच्या गर्दीचाही हिशेब मांडावा लागतो. बोस्टनला रस्ता पुरला नाही, न्यूयॉर्कला फलाट पुरले नाहीत. दोन्हीकडे मोटारीचा दोष नव्हता.